रिंग जड का झाली? खाऱ्या हवेतल्या जुन्या मॅन्युअल लेन्सची देखभाल

जुनी मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायची लेन्स हातात आली की बहुतेक जण आधी ती उजेडाकडे धरून काच बघतात. काच बघायचीच, पण त्याआधी कॅप न काढता फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-चार वेळा सावकाश फिरवा आणि लक्ष फक्त बोटांकडे ठेवा. काच विकणाऱ्याने पुसून चकचकीत केलेली असू शकते. रिंगच्या आतलं दुखणं मात्र लेन्स खोलल्याशिवाय जात नाही, आणि विकायच्या लेन्ससाठी एवढी उस्तवार सहसा कोणी करत नाही. फार तर फटीतून तेलाचा थेंब सोडतात, आणि तोही हाताला कळतो.

लेन्स मुंबईच्या बोरा बाजारातून घेतलेली असो, ऑनलाइन मागवलेली असो की मालवणातल्या एखाद्या बंद स्टुडिओच्या कपाटातून निघालेली असो, परीक्षा हीच. दहा-वीस पावसाळे किनाऱ्यावर काढलेली असेल तर जास्तच कसून.

हाताला काय कळतं

नीट असलेली रिंग अर्धवट थिजलेल्या तुपातून चमचा फिरवावा तशी फिरते. विरोध असतो, पण सगळीकडे सारखा. सोडली तिथे थांबते, आणि दिशा बदलली की लगेच काच हलायला लागते. यातलं काही बिनसलं असेल तर त्याला ठरावीक कारण असतं.

रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच जड असेल तर ग्रीस वाळलेलं आहे. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थाने धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षं पडून राहिलं की तेल निसटतं आणि मागे मेणचट चोथा उरतो. दापोलीला जानेवारीच्या पहाटे जड आणि दुपारी ठीक, असं असेल तर ग्रीसमध्ये अजून जीव आहे, खोलायची घाई नको. मे महिन्याच्या दुपारीही जडच असेल तर ग्रीस बदलण्याला पर्याय नाही. हेलिऑस किंवा जुन्या टाकुमारसारख्या एम४२ (४२ मिलिमीटर व्यासाच्या, कॅमेऱ्यात पिळून बसवायच्या) आट्यांच्या लेन्समध्ये हा दोष आणखी एका तऱ्हेने दिसतो: फोकस करायला रिंग फिरवावी तर रिंगऐवजी अख्खी लेन्सच कॅमेऱ्यातून सुटायला लागते.

उलट, रिंग पाण्यासारखी सैल असेल तर खूश होऊ नका. एक तर ग्रीस संपलंय, नाही तर कोणीतरी तेल सोडलंय. अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं पात्यांचं छिद्र, एफ/८ वर आणून मागून टॉर्च मारा. पाती कोरडी आणि एकसारखी मंद दिसली पाहिजेत. त्यांच्यावर ओलसर चमक किंवा रंगीत डाग असतील तर तेल तिथवर पोचलेलं आहे. पेंटाकॉन ५० एमएम एफ/१.८ ची तर ही खोड ठरलेलीच. ज्या लेन्समध्ये पाती स्प्रिंगने आपोआप मिटतात, तिथे तेलामुळे ती उशिरा मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतात. हेलिऑस ४४-२ मध्ये अपर्चर हाताने मिटवायचं असतं, त्यामुळे पात्यांवर थोडं तेल असलं तरी एक्स्पोजर बिघडत नाही. तेल उडून काचेवर धुरकट थर बसण्याचा धोका मात्र तिथेही आहेच.

खरखर दोन प्रकारची असते आणि त्यातला फरक ओळखणं महत्त्वाचं. वाळूचा कण असेल तर 'कर्र' हा आवाज दर फेरीला वेगळ्या जागी येतो, कारण कण ग्रीसबरोबर सरकतो. खरखर दर वेळी नेमकी त्याच अंतरावर, समजा १.५ मीटरच्या आकड्यापाशी, येत असेल तर आट्यांवर गंज धरलाय किंवा आटे ओरखडलेत. वाळू धुऊन निघते. ओरखडा निघत नाही.

एकाच जागी रिंग जड होते, पण खरखर नाही? पुढची फिल्टरची कड बघा. तिथे चेप असेल तर लेन्स पडलेली आहे आणि नळी किंचित अंडाकृती झाली आहे. अशी लेन्स फुकट मिळाली तरच घ्यावी.

शेवटचा दोष म्हणजे मोकळी चाल. दिशा बदलली की रिंग एक-दोन मिलिमीटर नुसतीच फिरते, काच हलत नाही. इथे गोंधळ होतो, म्हणून तपासायची रीत सांगतो. आधी लेन्स कॅमेऱ्याला लावून माउंटजवळ, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यात बसते त्या मागच्या कडीजवळ, लेन्सचं न फिरणारं अंग धरून पिळा. तिथेच हालचाल झाली तर दोष अ‍ॅडाप्टरचा, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या मधल्या कडीचा, लेन्स निर्दोष. मग रिंगवरचं रबर बघा: रबर सरकतंय पण अंतराचे आकडे स्थिर आहेत, तर फक्त रबर सैल झालंय. आकडे सरकतात पण समोरची काच थांबलेली, तर आतल्या मार्गदर्शक पट्ट्या झिजल्यात किंवा त्यांचे स्क्रू ढिले झालेत.

आटे असे का असतात

५० एमएमची लेन्स इन्फिनिटीपासून, म्हणजे अगदी दूरच्या फोकसपासून, ४५ सेंटिमीटरवर आणायला काच सुमारे ७ मिलिमीटर पुढे यावी लागते. रिंग मात्र साधारण अर्धा फेराच फिरते. म्हणजे पुऱ्या फेऱ्याला १४-१५ मिलिमीटरची चाल झाली. एवढी चाल साध्या बोल्टसारख्या एकाच आट्याने द्यायची तर पकड राहत नाही, म्हणून बरेच आटे शेजारी शेजारी कापलेले असतात आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळी असते. मुरंब्याच्या बरणीचं झाकण कसंही ठेवलं तरी थोड्याशा पिळाने बसतं ना, तसंच. फरक इतकाच की झाकण कुठूनही बसलेलं चालतं, इथे अनेक जागांपैकी एकच बरोबर.

या आट्यांच्या जोडीला हेलिकॉइड म्हणतात. बहुतेक ५० एमएम लेन्समध्ये तीन नळ्या एकात एक असतात: बाहेरची माउंटला जोडलेली, मधली रिंगला जोडलेली, आतली काच धरणारी. आतली नळी गोल न फिरता सरळ पुढे यावी म्हणून दोन छोट्या पट्ट्या खाचेत धावतात. नळ्या काही लेन्समध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या, काहींमध्ये एक पितळेची आणि एक अ‍ॅल्युमिनियमची. ग्रीस नुसतं वंगण नव्हे, या आट्यांमधली बारीक फट तेच भरून काढतं. रिंगचा तो तुपासारखा विरोध ग्रीसच्या चिकटपणातून येतो.

खारं नेमकं काय करतं

लाटांचे तुषार वाळले की मिठाचा अदृश्य थर राहतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जूनमध्ये डब्यातलं मीठ पाझरतं, त्याचं कारण हेच. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वरच असते. म्हणजे डिसेंबरात हर्णैच्या लिलावाला किंवा देवगडच्या जेटीवर लेन्सवर बसलेलं मीठ तेव्हा गप्प राहतं आणि जुलैत, लेन्स कपाटात असताना, कामाला लागतं.

पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे जवळपास बॅटरीच झाली. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत अडकते. पितळेवर हिरवा कळंक चढतो. ग्रीस ताजं आणि आट्यांत भरलेलं असेल तर पाण्याला आत शिरायला वाट कमी. वाळलेलं ग्रीस ती वाट मोकळी करून देतं. म्हणून किनाऱ्यावर जड रिंगकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. देशावर तीच लेन्स आणखी दहा वर्षं जडपणे का होईना, चालली असती.

न खोलता जे करता येतं

किनाऱ्यावरून आल्यावर रिंग फिरवायची नाही. आधी लेन्सचं तोंड खाली करून रबरी ब्लोअरने सगळ्या फटींत हवा मारा, मग मऊ ब्रशने रिंगच्या खाचा झाडा. रत्नागिरीच्या सड्यावरून आला असाल तर कातळाची लाल धूळही अशीच काढा. ती वाळूपेक्षा बारीक असते आणि फटीत जास्त खोल जाते. मग साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने धातूचा सगळा भाग पुसा, लगेच कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा. पाणी यासाठी की मीठ कोरड्या फडक्याने जात नाही, नुसतं पसरतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळालं तर उत्तम, विहिरीचं मचूळ पाणी मात्र नको. माउंटची कडा आणि मागच्या कॅपची आतली बाजू हमखास राहून जाते.

पडून असलेली लेन्स पंधरवड्यातून एकदा काढून रिंग दोन्ही टोकांपर्यंत दहा वेळा आणि अपर्चर रिंग पाच-सहा वेळा फिरवा. अर्धवट वाळलेलं ग्रीस एवढ्यानेही थोडं मोकळं होतं. मात्र जोर लावून नाही. दोन बोटांनी फिरत नसेल तर पक्कड लावूनही फिरवू नये. आतल्या पट्ट्यांचे स्क्रू एखाद-दीड मिलिमीटर जाडीचे असतात, ते तुटले की काम दहापट वाढतं.

आणि तेल नको. शिलाई मशीनचं नको, स्प्रेचं नको. तेल जुन्या ग्रीसला पातळ करतं, आठवडाभर रिंग मस्त चालते, मग ते पातळ झालेलं ग्रीस फटीफटीतून सरकत पात्यांवर जातं. खोबरेल तर कधीच नको: ते सुमारे २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे थंडीतल्या सकाळी रिंग पुन्हा जडच, आणि वर खवट होऊन चिकटतं. व्हॅसलीन उन्हात पातळ होऊन वाहतं. मोटरसायकलच्या चेनचं ग्रीस या बारीक आट्यांसाठी केलेलंच नसतं, त्यातलं तेल लवकर सुटतं.

खोलायचीच तर

पहिली लेन्स हजार-दीड हजाराची, साधी ५० एमएम घ्या. झूम आणि फार मोठ्या अपर्चरच्या लेन्सवर हात शिकू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. काम एका बैठकीत होत नाही, आणि भर पावसात उघडे भाग दोन-तीन दिवस टेबलावर ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

हत्यारं थोडीच, पण नेमकी हवीत. जपानी लेन्सचे अधिक-चिन्हाचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. घरातल्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यात पुरतं बसत नाही आणि खाच मारली जाते. जेआयएस ० आणि ०० असे दोन घ्या. बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूंसाठी १.२ आणि १.६ मिलिमीटरचे चपटे स्क्रूड्रायव्हर. पुढची नाव कोरलेली रिंग काढायला त्या मापाचा रबरी बूच, नाही तर रबरी हातमोज्याचा तुकडा ताणून बसवलेलं बाटलीचं झाकण. शिवाय व्हर्नियर कॅलिपर, टूथपिक, मऊ टूथब्रश, कापसाच्या काड्या, टोकदार सुई, नायट्रिलचे हातमोजे. ग्रीस धुवायला लायटरमध्ये भरायचं नॅफ्था आणि शेवटच्या पुसणीला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, जे मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. नॅफ्था झटकन पेटतं. खिडकी उघडी ठेवा आणि समई-निरांजन तेवतंय अशा खोलीत बसू नका. मोठ्या काठाच्या ताटात पांढरं फडकं अंथरून त्यावर काम केलं की उडालेला स्क्रू ताटातच राहतो. पंखा बंद.

खोलण्याआधी कॅमेऱ्याला लावून बघा की इन्फिनिटीच्या खुणेवर दूरची वस्तू खरंच स्पष्ट दिसते का, आणि ते लिहून ठेवा. मग पूर्ण आत घेतलेल्या लेन्सची माउंटपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी कॅलिपरने मोजून तीही लिहा. पुढे प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो.

स्क्रू हलत नसेल तर त्यावर बहुधा लाख किंवा लॉकिंग वार्निश असतं. टूथपिकच्या टोकाने अ‍ॅसिटोनचा एक थेंब द्या, दहा मिनिटं थांबा, पुन्हा करा. अ‍ॅसिटोन रंग आणि प्लॅस्टिक खातं, म्हणून थेंबच. तरीही नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दहा-पंधरा सेकंद टेकवा, मग फिरवा. स्क्रूड्रायव्हर फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर द्यायचा.

क्रम लेन्सप्रमाणे बदलतो, पण साधारण असा: पुढची नावाची रिंग, तिच्याखालचे स्क्रू, काचेचा पूर्ण गट एकत्र बाहेर. काचा एकमेकींपासून सुट्या करायच्या नाहीत, गट जसाच्या तसा स्वच्छ डब्यात ठेवून झाकण लावा. मग मागचं माउंट. बायोनेट (आट्यांऐवजी खटक्याने अडकणाऱ्या) माउंटखाली अपर्चर रिंग असेल तर तिच्याखाली एक-दीड मिलिमीटरची स्टीलची गोळी आणि स्प्रिंग असते, जिच्यामुळे अपर्चर टकटक थांबतं. रिंग उचलताना लेन्स मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत धरा. गोळी उडाली की लाद्यांच्या फटीत जाते आणि मग सापडत नाही.

मार्गदर्शक पट्ट्या काढताना कोणती उजवीकडची, कोणती बाजू वर, हे सुईने बारीक खूण करून ठेवा. दोन्ही सारख्या दिसतात, पण आपापल्या खाचेत झिजून बसलेल्या असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिंग इन्फिनिटीच्या टोकाला असताना तिन्ही नळ्यांवर एका सरळ रेषेत सुईची खूण करा. नंतर मधली आणि आतली नळी अगदी हळू उलगडत जा, आणि ज्या क्षणी आटे सुटून नळी हातात येते, नेमक्या त्या जागी दोन्हींवर दुसरी खूण करा. बाहेरच्या जोडीलाही तसंच. हे केलं नाही तर जोडताना आटा चुकतो. १५ मिलिमीटरची चाल असलेल्या १० सुरुवातींच्या हेलिकॉइडमध्ये एक आटा चुकला तर काच दीड मिलिमीटर पुढे राहते, आणि ५० एमएमच्या लेन्सला दीड मिलिमीटर म्हणजे पावणेदोन मीटरपलीकडचं काहीच स्पष्ट न दिसणं. ज्यांची लेन्स 'ग्रीस बदलल्यावर लांबचं दाखवत नाही', त्यांच्यातल्या बहुतेकांचं नेमकं हेच झालेलं असतं.

धुणं आणि ग्रीस भरणं

निघालेल्या ग्रीसचा रंग बघून घ्या. तपकिरी आणि मेणचट, म्हणजे नुसतं वय. हिरवट, म्हणजे ग्रीसमधल्या आम्लांनी पितळ खाल्लंय. धुतल्यावर सहसा आटे चांगले निघतात. करडं-काळं आणि चमकी असलेलं, म्हणजे धातू झिजतोय. पांढरी भुकटी, म्हणजे खाऱ्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं.

नळ्या नॅफ्थाने टूथब्रश लावून धुवा, मग टूथपिकचं टोक प्रत्येक आट्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. कंटाळवाणं काम आहे, पण खरा फरक याच कामाने पडतो. ब्रशला जे निघत नाही ते टूथपिकला निघतं. पांढऱ्या फडक्यावर डाग उमटायचा थांबेपर्यंत, म्हणजे तीन-चार वेळा, धुवायचं. पांढरी भुकटी चिकटून असेल तर टूथपिकनेच खरवडा. सॅंडपेपर, स्टीलचा काथ्या, भांडी घासायची पावडर यातलं काहीही आट्यांना लावू नका. फटच वाढते, आणि वाढलेली फट कोणतंही ग्रीस भरून काढत नाही. शेवटी आयसोप्रोपिलने पुसून वाळू द्या. कोरड्या नळ्या एकमेकींत फिरवून बघायचा मोह आवरा. अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम कोरडं घासलं तर ओरखडून जागच्या जागी जाम होतं, आणि मग ते कायमचंच.

नळ्या मिठाने आधीच जाम असतील तर काचेचा गट काढून बाकीचं अंग झाकणाच्या काचेच्या बरणीत नॅफ्थात बुडवून दोन-तीन दिवस ठेवा. रोज एकदा दोन्ही दिशांना हलकेच पिळून बघा, एका दिशेला जोर नको.

ग्रीस हेलिकॉइडसाठीच बनवलेलं घ्या. ते हलकं, मध्यम, जड अशा प्रतींत मिळतं. ५० एमएमला मध्यम. मोठ्या व्यासाच्या, लांब आट्यांच्या टेलीला (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सला) हलकं, कारण घासणारा पृष्ठभाग जास्त असल्याने विरोध आपोआप वाढतो. झिजलेल्या, किंचित सैल आट्यांना जड. त्याने डगमग थोडी झाकली जाते, मोकळी चाल मात्र जात नाही. कोकणात थंडी-उन्हाळ्यात तापमान फार टोकाला जात नाही, म्हणून एकदा निवडलेली प्रत बारमाही चालते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र कोणतंही ग्रीस टिकत नाही.

प्रमाण: प्रत्येक आट्यांच्या पृष्ठभागाला तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढं. टूथपिकने खाचांत पसरा, नुसती चमक दिसेल इतकं. जास्त घातलं तर ते कडेने बाहेर येतं आणि आतल्या बाजूने पात्यांकडे जातं. दुसरी खूण जुळवून नळी बसवा, पूर्ण चाल पंधरा-वीस वेळा फिरवा, कडेला आलेलं पुसून काढा. पट्ट्यांना अगदी पुसट ग्रीस. त्यांचे स्क्रू आधी अर्धे आवळा, नळी दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, मग पक्के करा. एकदम आवळले तर पट्टी किंचित तिरकी बसते आणि रिंग एका टोकाला जड लागते. मग वाटतं ग्रीस चुकलं, आणि माणूस सगळं पुन्हा खोलतो.

नव्या ग्रीसची रिंग पहिले दोन-तीन दिवस जरा जडच वाटते. बसू द्या.

इन्फिनिटी लावणं

रिंगचे तीन स्क्रू ढिले ठेवून काचेचा गट बसवा, लेन्स कॅमेऱ्याला लावा, अपर्चर पूर्ण उघडं, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं दृश्य, दहापट मोठं. लक्ष्य किमान एक किलोमीटरवरचं हवं. एफ/१.८ च्या ५० एमएमला ४०-५० मीटरवरचं झाडही इन्फिनिटीच्या जवळपासच दिसतं आणि फसवतं. किनाऱ्यावर समुद्राची क्षितिजरेषा फुकटची आहे, पण दुपारी तापलेल्या हवेने ती थरथरते. सकाळी लवकर करा. रात्री लांबच्या दीपगृहाचा दिवा किंवा एखादा तारा सगळ्यात चांगला, कारण ठिपका लहानात लहान झाला की फोकस बसला, अंदाजाला जागा नाही. मधली नळी हाताने फिरवून ठिपका बारीक करा, ती तशीच धरून बाहेरची रिंग इन्फिनिटीच्या अडसराला टेकवा आणि तिन्ही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एक पुरता आवळून मग दुसरा घेतला तर रिंग सरकते.

मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर हे करत असाल तर आधी अ‍ॅडाप्टर मोजा. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉन एफचं ४६.५ मिलिमीटर, एम४२ चं ४५.४६, सोनी ई चं १८, निकॉन झेडचं १६. म्हणजे निकॉन एफ ते सोनी ई अ‍ॅडाप्टरची जाडी २८.५ असायला हवी, एम४२ ते सोनी ई २७.४६. स्वस्त अ‍ॅडाप्टर मुद्दाम एखादा दशांश मिलिमीटर पातळ ठेवतात, म्हणजे इन्फिनिटी चुकून राहायला नको. त्यावर लेन्स जुळवली तर ती त्या अ‍ॅडाप्टरपुरतीच जुळते. तो पातळ असेल तर रिंग अडसराला टेकण्याआधीच इन्फिनिटी येईल. तो लेन्सचा दोष नाही, लेन्सला हात लावू नका. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर एम४२ लेन्स आत भिंग असलेल्या अ‍ॅडाप्टरशिवाय इन्फिनिटीला पोचतच नाही, कारण माउंटचं अंतरच जास्त आहे. तिथे कितीही जुळवा, व्यर्थ.

मृगापासून गणपतीपर्यंत

जून सुरू व्हायच्या आत लेन्स कातड्याच्या केसमधून आणि फोमच्या बॅगेतून बाहेर काढा. दोन्ही ओल धरतात, आणि कातडं तर बुरशीचं आवडतं खाणं. घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा पारदर्शक डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर. १० लिटरच्या डब्याला पाव किलो जेल भरपूर झालं. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर गेला की जेल भाजून घ्यायचं. नारिंगी जेल हिरवट झालं की भाजा: ११०-१२० अंशांवर दोन तास. निळं-गुलाबी जेल घेऊ नका. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये किंवा तव्यावर तापवण्यासारखं नाही. कपाटात टांगायची ती पाणी साठणारी कॅल्शियम क्लोराइडची पाकिटं लेन्सच्या डब्यात नकोत. कलंडली की सगळं खारं पाणी लेन्सवर. तांदळात पुरून ठेवण्याची युक्तीही सोडून द्या. तांदळाची पीठुळी रिंगच्या फटीत जाते.

कपाटात १५ वॉटचा दिवा लावून ठेवणं ही जुनी रीत बुरशीला आवर घालते हे खरं, पण लेन्स दिव्याजवळ असेल तर ग्रीसमधलं तेल ऊन होऊन सुटतं. दिवा तळाला, लेन्स वरच्या फळीवर, मध्ये हातभर अंतर. ड्राय कॅबिनेट, म्हणजे विजेवर आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, असेल तर प्रश्नच नाही. वीज गेली तरी दार उघडलं नाही तर आतली हवा बराच वेळ कोरडी राहते.

डब्यातली लेन्स एसीच्या खोलीत असेल तर शूटिंगला निघताना ती बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर राहू द्या, मग काढा. नाही तर थंड धातूवर पाणी सुटतं आणि ते आधी शिरतं रिंगच्या फटीत.

गणपतीला लेन्स डब्यातून काढली की आधी टॉर्च घेऊन मागून-पुढून काच बघा, कोळिष्टकासारखे धागे दिसताहेत का ते. दिसले आणि ते बाहेरच्या काचेवर असतील तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल. ते आतल्या काचेवर असतील तर लेन्स बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा. उन्हात ठेवणार असाल तर दोन्ही कॅप काढून, भिंग सरळ सूर्याकडे न धरता तिरकं, आणि तुम्ही समोर असताना. पडवीतल्या वाळत घातलेल्या गोधडीला भोक पडायला काही मिनिटं पुरतात. मग रिंग, दोन्ही टोकांपर्यंत, सावकाश. मे महिन्यात होती त्याहून थोडी जरी जड किंवा खरखरीत वाटली, तर कोणत्या अंतराच्या आकड्यापाशी ते तारखेसकट कागदावर लिहून कागद डब्यातच ठेवा. नोव्हेंबरात खोलायला घ्याल तेव्हा नेमकं कुठे बघायचं ते त्यावर असेल.